रिपोर्ट यकृताचा नॉर्मल, दुखणं मूत्रपिंडाचं

समोरच्या काचपट्टीवर उंदराच्या मूत्रपिंडाचा पातळ काप आहे. उंदीर लवकर मेलेला, आयुष्य पुरं न करता. काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला की ग्लोमेरुलस दिसतात, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे इवलेसे गुंते. निरोगी मूत्रपिंडात हे गुंते मोकळे असतात, वाहिन्यांच्या पोकळ्या नीट ओळखू येतात. इथे मात्र त्यांच्यात तंतू माजले आहेत. शेजारच्या काचपट्टीवर त्याच उंदराचं यकृत. तिथे सायनुसॉइडच्या, म्हणजे यकृतातल्या अरुंद रक्तवाहिन्यांच्या, कडेकडेनं थोडे जास्तीचे तंतू, बस. यकृताचं काम ढासळल्याची खूण कुठेच नाही.

पार्श्वभूमी न सांगता या दोन काचपट्ट्या कुणाहीपुढे ठेवा, निदान एकच येईल: मूत्रपिंडाचा आजार. शिकवताना मी हे प्रकरण वर्गात मांडते तेव्हा दरवेळी हेच होतं. मग सांगावं लागतं की या उंदराच्या जनुकांतून दोन प्रथिनं मुद्दाम उडवलेली होती, आणि ती दोन्ही प्रामुख्यानं यकृतातल्या एका विशिष्ट पेशीच्या अंगावर असतात. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, ही म्हण आपण चुकीच्या उपचाराची टिंगल करायला वापरतो. इथे निदानाच्याच पायरीवर नजर पखालीवर जाते, कारण डाग तिथेच दिसतो.

हे उंदीर जर्मनीतल्या मानहाइम आणि हायडेलबर्ग इथल्या संशोधकांनी तयार केले आणि २०११ साली त्यांची हकिकत प्रसिद्ध झाली. गायब केलेल्या प्रथिनांची नावं स्टॅबिलिन-१ आणि स्टॅबिलिन-२. प्रकरण उलगडायचं तर आधी ती पेशी नीट पाहायला हवी.

बोळातलं अस्तर

विश्रांतीच्या वेळी माणसाच्या यकृतातून मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त जातं. हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा हा जवळपास चौथा हिस्सा. यातलं तीन चतुर्थांशाच्या आसपास रक्त पोर्टल शिरेतून येतं, म्हणजे आतड्यांतून फिरून आलेलं, आणि उरलेलं धमनीतून. दोन्ही प्रवाह यकृतात शिरल्यावर सायनुसॉइड नावाच्या अरुंद बोळांत एकत्र होतात. बोळ इतके चिंचोळे की तांबड्या पेशीला जवळजवळ भिंतीला अंग घासत पुढे जावं लागतं. प्रवाह संथ, भिंत हाताशी. रक्तातला एखादा रेणू भिंतीनं उचलून घ्यायचा असेल तर यापेक्षा सोयीची जागा शरीरात शोधून सापडणार नाही.

ही भिंत ज्या पेशींची बनते त्या सायनुसॉइडल एंडोथेलियल पेशी. नाव लांबलचक आहे, म्हणून पुढे मी त्यांना नुसतं अस्तरपेशी म्हणेन. या पेशीचं केंद्रक असतं तिथे थोडा फुगवटा, बाकी सगळी पेशी पसरून इतकी पातळ झालेली की साध्या सूक्ष्मदर्शकाला तिची जाडी नीट पकडताच येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तिच्या पातळ अंगावर भोकांचे पुंजके दिसतात, चाळणीसारखे. एकेक भोक ५० ते १५० नॅनोमीटरचं. या भोकांवर पडदा नसतो आणि पेशीच्या मागे इतर रक्तवाहिन्यांना असते तशी आधारपटलाची पक्की चादरही नसते. त्यामुळे रक्तातला द्रव आणि त्यातली प्रथिनं आरपार जाऊन थेट यकृतपेशींना भिजवतात. रक्तपेशी मात्र बोळातच राहतात.

चाळणी ही तिची प्रसिद्ध ओळख. पाठ्यपुस्तकात एवढंच लिहून पुढे जातात. पण चाळणी स्वतः काही करत नाही, आणि ही पेशी दिवसभर काम करत असते. संख्येनं बघितलं तर यकृतातल्या पेशींपैकी १५ ते २० टक्के या अस्तरपेशी. आकारमानानं यकृताच्या जेमतेम ३ टक्के. तरीही बाहेरचा द्रव आत ओढणाऱ्या ज्या बारीक पिशव्या असतात, त्यांपैकी यकृतातल्या सुमारे ४५ टक्के पिशव्या या ३ टक्क्यांत कोंबलेल्या सापडतात. नुसत्या चाळणीला एवढ्या पिशव्या कशाला लागतील?

नावांचा घोळ

ही पेशी इतकी वर्षं दुर्लक्षित का राहिली, याचं एक कारण मला शुद्ध नावांच्या घोळात दिसतं, आणि तो घोळ सांगण्यासारखा आहे.

१८७६ साली कार्ल विल्हेल्म फॉन कुप्फर यांनी गोल्ड क्लोराइड वापरून यकृतात चांदणीच्या आकाराच्या पेशी रंगवल्या. पुढे १८९८ मध्ये त्यांना सायनुसॉइडमध्ये बाहेरचे कण गिळणाऱ्या पेशी दिसल्या. दोन्ही एकच, आणि त्या म्हणजे अस्तराचाच एक खास प्रकार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. प्रत्यक्षात तिथे तीन वेगळ्या पेशी होत्या. चांदणीच्या आकाराच्या पेशी म्हणजे आज आपण ज्यांना स्टेलेट पेशी म्हणतो त्या, जीवनसत्त्व अ साठवणाऱ्या. हे केंजिरो वाके यांनी १९७१ मध्ये दाखवलं. कण गिळणाऱ्या त्या भक्षक पेशी. त्यांनाच आज कुप्फर पेशी म्हणतात. म्हणजे कुप्फर यांचं नाव त्यांनी १८७६ मध्ये रंगवलेल्या पेशीला न चिकटता तिच्या शेजारणीला चिकटलं. तिसरी अस्तरपेशी. ती स्वतंत्र पेशी आहे, तिला स्वतःची भोकं आहेत, हे एडी विसे यांनी १९७० मध्ये उंदराच्या यकृतात स्पष्ट केलं. त्यासाठी त्यांनी फिक्सेटिव्ह द्रव रक्तवाहिन्यांतूनच आत सोडला. नुसता तुकडा कापून द्रवात टाकला तर ही नाजूक भिंत तशीच्या तशी टिकत नाही.

मधल्या काळात, १९२४ मध्ये, लुडविग आशोफ यांनी रेटिक्युलो-एंडोथेलियल संस्थेची कल्पना मांडली होती. शिरेतून कार्माइनसारखे रंग टोचले की कुठल्या पेशी ते साठवतात हे पाहून त्यांनी ही यादी केली, आणि तिच्यात यकृताचं अस्तर होतं. नावातलं 'एंडोथेलियल' तिथूनच आलेलं. पण १९७० च्या दशकात ही संस्था बाजूला सारून मोनोन्यूक्लियर फॅगोसाइट संस्था असं नवं वर्गीकरण रूढ झालं. ते भक्षक पेशींपुरतं बरोबर होतं. फक्त त्यात अस्तरपेशींना जागा उरली नाही, आणि रक्त साफ करणं म्हणजे भक्षक पेशींचं काम, असं समीकरण डोक्यात पक्कं बसलं. आजही परीक्षेत 'यकृतात रक्तातला कचरा कोण उचलतं' असं विचारलं तर उत्तर येतं: कुप्फर पेशी.

हे उत्तर अर्धं बरोबर आहे. जिवाणू, मोडक्या तांबड्या पेशी, २०० नॅनोमीटरपेक्षा मोठे कण कुप्फर पेशी गिळतात. त्यापेक्षा लहान आणि द्रवात विरघळलेला माल, म्हणजे तुटकी प्रथिनं, लांब साखळ्यांच्या शर्करा, लहान प्रतिकार-संकुलं (प्रतिपिंड आणि त्यानं पकडलेला रेणू यांचे गुच्छ), ऑक्सिडीकरण झालेले एलडीएल कण (रक्तातून कोलेस्टेरॉल वाहणारे), हे मुख्यतः अस्तरपेशी उचलतात.

इथे एक गंमत सांगून पुढे जाते. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो इथल्या गटानं २००२ मध्ये वेगवेगळ्या पृष्ठवंशी प्राण्यांत ही सफाई कोण करतं ते तपासलं. उंदीर, कोंबडी, बेडूक, सरडा यांच्यात यकृत. कॉड माशात हृदयाचं आतलं अस्तर. साल्मनमध्ये मूत्रपिंड. हाडांऐवजी कूर्चेचा सांगाडा असलेल्या माशांत कल्ले. अवयव बदलले तरी काम अस्तरपेशीकडेच राहिलं. साल्मनमध्ये ही सफाई मूत्रपिंडाकडे आहे, हे ध्यानात ठेवून आपल्या उंदराकडे पाहिलं की जरा हसू येतं.

एका रेणूचा माग

कचरा म्हटलं की विष डोळ्यांसमोर येतं. इथला कचरा तसा नाही. शरीर सतत स्वतःला पाडतं आणि बांधतं, त्यातून निघणारा हा राडारोडा. त्यातला सगळ्यात अभ्यासलेला रेणू म्हणजे हायल्युरोनान: दोन शर्करा आलटून पालटून गुंफलेली लांबच लांब साखळी, पाणी धरून ठेवणारी. त्वचा, सांध्यातलं वंगण, डोळ्यातला काचद्रव, सगळीकडे ती असते. ७० किलोच्या माणसात तिचा साठा साधारण १५ ग्रॅम, आणि त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा रोज मोडून नव्यानं बनतो. मोडलेला बराचसा माल जागेवर किंवा लसिकाग्रंथींत (लिम्फ नोडमध्ये) संपतो. रोज १० ते १०० मिलिग्रॅम मात्र लसिकेतून रक्तात उतरतो.

रक्तात उतरलेली एखादी साखळी किती वेळ टिकते? तिचा अर्धायुकाल २ ते ६ मिनिटं. म्हणजे निम्मा माल एवढ्या वेळात रक्तातून नाहीसा होतो, आणि त्यातला बहुतेक यकृतात.

बोळातून वाहत आलेली ही साखळी अस्तरपेशीच्या पृष्ठभागावरच्या स्टॅबिलिन-२ ला अडकते. रेणू पकडणाऱ्या अशा प्रथिनाला रिसेप्टर म्हणतात. त्या जागी पेशीची त्वचा आत दबते. खळगा तयार होतो, त्याला आतून क्लॅथ्रिन नावाच्या प्रथिनाची जाळी धरून असते. खळग्याचं तोंड मिटतं, पिशवी सुटून आत जाते. पिशवीत आम्लता वाढते, साखळी रिसेप्टरवरून सुटते, आणि रिकामा रिसेप्टर परत पृष्ठभागावर जातो, पुढचा रेणू पकडायला. याच पेशीवरच्या मॅनोज रिसेप्टरचा वेग मोजलेला आहे. माल आत ओढायला त्याला काही सेकंद पुरतात. इकडे साखळी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पचनपिशवीत, पोचते, एन्झाइम तिचे तुकडे करतात, सुट्या शर्करा होतात, आणि त्यांच्यापासून अ‍ॅसिटेट आणि लॅक्टेटसारखे लहान रेणू बनून पेशीबाहेर पडतात. ते पलीकडच्या यकृतपेशी इंधन म्हणून वापरू शकतात.

मला यातला सर्वात आवडता तपशील एन्झाइमचा आहे. लायसोसोममध्ये एवढं तोडकाम करायचं तर हत्यारं भरपूर लागणार. अस्तरपेशी ती सगळी स्वतः घडवत बसत नाही. इतर पेशींकडून रक्तात गळलेली लायसोसोमची एन्झाइम ती मॅनोज रिसेप्टरनं पकडते आणि आपल्याच लायसोसोममध्ये कामाला लावते. हा रिसेप्टर नसलेल्या उंदरांत तिची तोडण्याची क्षमता घटते, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. कचऱ्यात आलेलं हत्यार, त्यानंच कचरा फोडायचा.

मॅनोज रिसेप्टर शिवाय सुट्या कोलॅजन साखळ्या उचलतो. प्रतिकार-संकुलांसाठी वेगळा रिसेप्टर आहे. आपल्या प्रकरणापुरते महत्त्वाचे ते दोन स्टॅबिलिन. दोन्ही अवाढव्य प्रथिनं, घडण एकमेकांसारखी, सख्ख्या भावंडांसारखी. हायल्युरोनान बांधण्यासाठी लागतो तसा भाग दोघांतही आहे, पण प्रत्यक्षात ते काम करतं स्टॅबिलिन-२.

चार गट

आता प्रयोग. उंदरांचे चार गट: एक साधा, एक स्टॅबिलिन-१ नसलेला, एक स्टॅबिलिन-२ नसलेला, आणि एक दोन्ही नसलेला.

एकेक प्रथिन नसलेले उंदीर धडधाकट राहिले. कुणी इथेच थांबलं असतं तर 'स्टॅबिलिनवाचून काही अडत नाही' असा निकाल लागला असता. दोन्ही नसलेले उंदीर मात्र लवकर मरू लागले आणि त्यांच्या ग्लोमेरुलसमध्ये तीव्र फायब्रोसिस, म्हणजे तंतू माजणं, सापडलं. म्हणजे दोघांपैकी एक जण जागेवर असेल तर दुसऱ्याची गैरहजेरी भरून निघते.

पहिला संशयित अर्थात हायल्युरोनान. रक्तात त्याची पातळी वाढलेली होतीच. पण ती दोन्ही नसलेल्या उंदरांत जशी वाढली तशी नुसतं स्टॅबिलिन-२ नसलेल्यांतही वाढली, आणि त्या दुसऱ्या गटाची मूत्रपिंडं ठीक होती. या एका तुलनेनं हायल्युरोनान मुख्य आरोपी म्हणून सुटतो. साथीदार असेल, नसेल; एकट्यानं हे काम केलेलं नाही. चार गट ठेवण्याचा फायदा इथे कळतो. दोनच गट असते, साधे आणि दोन्ही नसलेले, तर हायल्युरोनान वाढलेला आणि मूत्रपिंड बिघडलेलं एवढंच दिसलं असतं, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी झाली असती.

मग असा रेणू शोधायचा जो एक रिसेप्टर असला तरी नीट साफ होतो आणि दोन्ही गेले की तुंबतो. संशोधकांना तसा एक सापडला: जीडीएफ-१५. हा टीजीएफ-बीटा कुटुंबातला संदेशवाहक रेणू, फायब्रोसिसला चालना देणारा. त्याची सफाई दोन्ही स्टॅबिलिन नसलेल्या उंदरांतच मंदावली होती, एकेक नसलेल्यांत नाही. आजार ज्या गटात, अडथळा त्याच गटात. तरी इथे मी लाल शाईनं एक खूण करते. जीडीएफ-१५ चा नमुना आजाराच्या नमुन्याशी जुळतो, हे खरं. पण दोन्ही रिसेप्टर मिळून पुष्कळ रेणू उचलतात, आणि तसाच जुळणारा दुसरा एखादा रेणू नसेलच असं यावरून म्हणता येत नाही. हा ठोस संशयित आहे, कबुलीजबाब नव्हे.

मूत्रपिंड घर बदलतं

एक शंका अजून उरते, आणि ती वाजवी आहे. हे उंदीर जन्मापासून, सगळ्या शरीरभर स्टॅबिलिनविना वाढले. ही प्रथिनं यकृताखेरीज प्लीहा आणि लसिकाग्रंथींच्या अस्तरावर असतात. स्टॅबिलिन-१ तर काही भक्षक पेशींवरही असतं. मग मूत्रपिंडातच जन्मजात काही खोट असेल तर? यकृताला उगाच बोल लावणं होईल.

याचं उत्तर तर्कानं मिळण्यासारखं नव्हतं. संशोधकांनी दोन्ही स्टॅबिलिन नसलेल्या उंदराचं मूत्रपिंड काढून साध्या उंदरात बसवलं. तेच मूत्रपिंड, तीच जनुकं, आधीच सुरू झालेलं फायब्रोसिस. बदललं ते फक्त आतून वाहणारं रक्त. आता ते रक्त अशा यकृतातून येत होतं जिथे अस्तरपेशींवर दोन्ही रिसेप्टर शाबूत होते.

फायब्रोसिसची वाढ थांबली.

सगळ्या प्रकरणात एकच निष्कर्ष ठेवायचा असेल तर मी हा ठेवीन. रोग मूत्रपिंडाच्या आत नव्हता, त्याच्या रक्तात होता. मूत्रपिंडानं फक्त मार खाल्ला.

पण मारच खायचा तर तो मूत्रपिंडानंच का? इथून पुढचं माझं स्वतःचं जुळवणं आहे. मूत्रपिंडाला यकृताएवढंच भरपूर रक्त मिळतं आणि ग्लोमेरुलसच्या केशवाहिन्यांचं अस्तरही भोकांचंच असतं. फरक पाठीमागे आहे. यकृतात भोकामागे मोकळी जागा. ग्लोमेरुलसमध्ये भोकामागे जाड आधारपटल आणि त्यामागे पोडोसाइट पेशींच्या गुंफलेल्या पायांची चौकट. शिवाय तिथला दाब जास्त. माणसात रोज १८० लिटर द्रव या गुंत्यांतून ढकलला जातो. रक्तात न उचललेलं जे काही साचलं असेल ते सर्वांत जोरानं याच गाळणीवर येऊन आदळणार. सिऱ्होसिसच्या (यकृतात व्रणतंतू माजून ते कडक होण्याच्या आजाराच्या) रुग्णांच्या ग्लोमेरुलसमध्ये आयजीए प्रतिपिंडांचे थर सापडतात, ते याच धाटणीचं उदाहरण. यकृतानं उचलायचं राहिलेलं मूत्रपिंडात जाऊन बसतं. मात्र सिऱ्होसिसमध्ये मूत्रपिंड अचानक बंद पडतं, तो हेपॅटोरीनल सिंड्रोम, त्याचं मूळ रक्ताभिसरणाच्या गडबडीत आहे. ती गोष्ट वेगळी; या उंदरांच्या गोष्टीत ती मिसळू नये.

'नॉर्मल' म्हणजे कुणाचं नॉर्मल

या उंदरांचं यकृत 'कार्यक्षम' होतं. हा शब्द मला खटकतो. जे यकृत रक्तातली घाण उचलत नाही ते कार्यक्षम कसलं? पण आपण यकृताचं कार्य ज्यांनी मोजतो त्या तपासण्या आठवा. एएलटी आणि एएसटी: यकृतपेशी फुटल्या की गळणारी एन्झाइम. बिलिरुबिन: यकृतपेशी त्याला नीट बांधून पित्तात सोडतात का. अल्ब्युमिन आणि प्रोथ्रॉम्बिन टाइम: यकृतपेशींचं प्रथिनं बनवण्याचं काम. सगळे प्रश्न यकृतपेशीला. अस्तरपेशीला एकही नाही. तिनं काम टाकलं तरी या यादीतल्या कुठल्याच आकड्यासमोर लाल बाण येणार नाही.

अपवाद म्हणता येईल असा एक आहे. रक्तातला हायल्युरोनान मोजून यकृतातल्या फायब्रोसिसचा अंदाज बांधतात. ईएलएफ नावाच्या चाचणीतल्या तीन घटकांपैकी तो एक. फायब्रोसिस वाढत जातं तशी अस्तरपेशी आपली भोकं हरवते, तिच्यामागे आधारपटल उभं राहतं, ती साध्या केशवाहिनीसारखी बनते आणि सफाई मंदावते. पण त्याच वेळी स्टेलेट पेशी हायल्युरोनान बनवतातही जास्त. शिवाय संधिवातात सांध्यांतून त्याचा पूर येतो तो वेगळाच. मग वाढलेला आकडा पाहून उत्पादन वाढलं म्हणायचं की उचल घटली? एका आकड्यातून ते कळत नाही. रस्त्यावर ढीग दिसला म्हणून झाडणारा आला नाही की लोकांनी जास्त टाकलं, हे ढीग बघून सांगता येत नाही, तसंच.

आणि इथे प्रकरण उलटतं

इथवर वाचून वाटेल की स्टॅबिलिन जितके धडधाकट तितकं बरं. २०१२ मध्ये जपानमधून आलेल्या प्रयोगानं याला पहिला धक्का दिला. स्टॅबिलिन-२ नसलेल्या उंदरांत मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी टोचल्या तर त्यांचा फैलाव कमी झाला. स्टॅबिलिन-२ ला प्रतिपिंडानं झाकलं तरी तोच परिणाम. रक्तात वाढलेला हायल्युरोनान कर्करोगाच्या पेशींना वाहिनीच्या भिंतीला चिकटू देत नाही, असा त्याचा अर्थ लावला गेला. म्हणजे आपण ज्याला न उचललेला कचरा म्हणत होतो तोच इथे आडवा आला.

दुसरा धक्का २०२२ चा, आणि तोही मानहाइमच्या गटाकडूनच. धमन्यांत चरबीचे थर साचण्याची प्रवृत्ती असलेल्या उंदरांत स्टॅबिलिन-१ किंवा स्टॅबिलिन-२ काढला तर थर कमी साचले. रक्तातल्या प्रथिनांचा मेळ बदलला, मोनोसाइट पेशी शांत झाल्या. पेरिओस्टिन, रीलिन असे स्टॅबिलिनला चिकटणारे नवे रेणूही याच कामात हाती लागले. मी स्वतः उलट अपेक्षा केली असती: ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल उचलणारा रिसेप्टर काढल्यावर धमन्या जास्त बिघडायला हव्यात. बिघडल्या नाहीत.

माणसांतला पुरावा तिसऱ्या दिशेला जातो. शिरांत रक्ताच्या गाठी होणाऱ्या लोकांच्या जनुकांची छाननी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात स्टॅबिलिन-२ च्या जनुकातले काम बिघडवणारे दुर्मीळ बदल जास्त आढळले. हा रिसेप्टर रक्त गोठवणाऱ्या व्हॉन विलब्रँड घटकाच्या सफाईत हातभार लावतो, हे आधीच कळलं होतं, त्यामुळे धागा जुळतो. तोच रिसेप्टर कमी पडला तर धमनीला फायदा, शिरेला धोका.

म्हणून 'कचरा' या शब्दाशी माझं जरा भांडण आहे. अस्तरपेशी जे उचलते त्यात तुटकं कोलॅजन आहे, तसा जीडीएफ-१५ सारखा बोलता संदेशवाहक आणि गोठण्याचा कामाचा घटकही आहे. रक्तात काय किती वेळ राहावं याची मुदत ती ठरवते. मुदत वाढली की कुठल्या अवयवाचं भलं होईल आणि कुठल्याचं वाटोळं, हे रेणूगणिक बदलतं.

औषध बनवणाऱ्यांना हा प्रश्न दोन बाजूंनी भिडतो. शिरेतून दिलेले ऋणभारित नॅनोकण आणि फॉस्फोरोथायोएट जोडणीचे अँटिसेन्स रेणू (जनुकाचा संदेश अडवणारी औषधं) स्टॅबिलिनच उचलतात, म्हणजे औषध मुक्कामाला पोचण्याआधी अस्तरपेशीच्या पोटात. आणि दुसरीकडे, २०२२ च्या प्रयोगात प्रतिपिंड देऊन एक स्टॅबिलिन झाकला तरी धमन्यांतले थर घटले, त्यामुळे हा उपचार होऊ शकतो का याची चाचपणी सुरू झाली आहे. तिथे २०११ च्या उंदरांची काचपट्टी टेबलावर असावीच लागते. एक झाकायचा असेल तर दुसरा उघडा आहे ना, आणि रुग्णाच्या यकृतात फायब्रोसिसनं तो आधीच अर्धा मिटलेला नाही ना, हे पाहूनच.